तलाव वाचवायला निघालात? मग आधी एवढं करा

तर तुम्ही ठरवलंय की यंदा गावचा मामा तलाव आणि त्याच्या पाळीवरची (म्हणजे बांधावरची) झाडं आपण सांभाळायची. लय भारी. भंडारा-गोंदियाकडं असले माजी मालगुजारी तलाव (त्याचंच मामा झालं; मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करणारे जमीनदार) हजारोंनी आहेत, कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, तेव्हापासून गावाला वाटतं सरकार बघेल आणि सरकारला वाटतं गाव बघेल. मधली जागा रिकामी आहे, तुम्ही बसा.

टी-शर्ट छापून घ्या, हिरवे. फावडी नंतर बघू.

मग समिती. नवीन काढायची गरज नाही, २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत एक असायलाच पाहिजे, २००४ च्या नियमात अध्यक्ष आणि सहा जण होते, त्यात एक तृतीयांश बाया. तुमच्या गावात पण असेल हो, फक्त मेंबर लोकांना कुणी सांगितलं नसेल, घरी विचारून बघा, कदाचित वहिनीच मेंबर निघतील. या समितीनं गावातल्या झाडं-मासे-पाखरांची नोंदवही करायची असते. सोपं आहे, दुसऱ्या गावाची फाईल मागवा आणि वरचं नाव बदला, फक्त ती कोकणातली नाही ना एवढं बघा, नाहीतर तुमच्या तलावात खेकड्यासोबत खारफुटी पण निघेल. आणि तो ढिवर म्हातारा, जो लहानपणापासून याच पाण्यात जाळं टाकतोय, ज्याला मरळ कुठं बसते आणि शिंगी कुठल्या चिखलात असते सगळं ठाऊक आहे, त्याला चुकूनही मीटिंगला बोलवू नका. तो येतो. आणि आला की बोलतो.

आता प्रत्यक्ष काम. काठावर बेशरमीची झुडपी झाडी माजलेली असेल, ती मुळासकट खणायला कंबर मोडते आणि फोटोत नुसता चिखल दिसतो. म्हणून वरून छाटायची आणि तुकडे तिथंच पाण्यात ढकलायचे. प्रत्येक तुकडा जाऊन कुठंतरी रुजतो, म्हणजे पुढच्या वर्षीच्या श्रमदानाची सोय आपोआप.

गाळ काढायचा तर पोकलेनच बोलवा. तलावाचे काठ उतरते असतात, उथळ पाण्यात गवतं, कंद, पाणवनस्पती वाढतात, सारसासारखी लांब पायाची पाखरं तिथंच चरतात, पण असला वेडावाकडा उतार ड्रोनमधून काही चांगला दिसत नाही बुवा, सरळ भिंतीसारखा कापून घ्या. तळाशी चिकणमातीचा थर लागला तरी थांबू नका, पाणी त्याच्यामुळंच धरून राहतं असं तो म्हातारा म्हणेल, पण पोकलेनचं बिल तासावर असतं. शिवाय वरून गवत्या मासा सोडा, म्हणजे उरलीसुरली पाणवनस्पती तो बघून घेईल.

झाडांचं म्हणाल तर पाळीवर वड-पिंपळ लावा, अगदी मधोमध. मुळं मातीत शिरतात, पुढंमागं एखादं मूळ कुजलं की तिथून पाण्याला वाट मिळते, पण तोवर सरपंच बदललेला असतो. २०१९ ला राज्याचं टार्गेट ३३ कोटी झाडांचं होतं, तेव्हा तुम्ही दोनशेवर लाजू नका. रोपाची प्लास्टिकची पिशवी काढत बसू नका, वेळ जातो आणि साहेबांना दुसऱ्या गावी पण लावायचं असतं. लोखंडी जाळी मात्र दणकट घ्या आणि तिच्यावर देणगीदाराचं नाव रोपापेक्षा मोठं टाका. जाळी नंतर कधी काढायची नाही, खोड तिच्यात रुतलं तरी नाही, कारण नाव तिच्यावर आहे.

एप्रिलात पाणी कोण घालणार असं एखादी बाई विचारेलच. तिला ग्रुपवर अॅडमिन करा आणि विषय तिच्याकडं सोपवा, हंडा तसाही तिच्याच डोक्यावर असतो.

शेवटी पुरस्काराचा फॉर्म. 'तलावाची सद्यस्थिती' या रकान्यात 'समाधानकारक' लिहायचं आणि फोटो ऑगस्टचा जोडायचा. तपासणीवाले मे महिन्यात आलेच तर त्यांना आधी जेवायला बसवा, चांगलं मटण करा, आणि तलाव पाहायचाच म्हणाले तर सांगा की रस्त्याचं काम चालू आहे.