नाकिवुबोचं अळू

आमच्या रत्नागिरीच्या घरी मोरीचं पाणी मागच्या दारी जिथे जायचं, तिथे अळू होतं. त्याला कधी कुणी खत घातलं नाही. भांड्यांचं, आंघोळीचं पाणी पिऊन ते कमरेएवढं वाढायचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही युगांडात, कंपालाला राहायला गेलो आणि तिथल्या बुगोलोबी या वस्तीच्या उतारावरून मी पहिल्यांदा खाली नाकिवुबोची दलदल पाहिली, तेव्हा जागीच थबकले. नजर जाईल तिथवर अळूच अळू. अख्ख्या शहराच्या मोरीवर वाढलेलं.

हे मी शब्दशः म्हणतेय. कंपाला टेकड्यांवर वसलंय आणि टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात दलदली आहेत. शहराच्या मध्यातून येणारा नाकिवुबोचा नाला आणि बुगोलोबीच्या मैलाशुद्धीकरण केंद्राचं पाणी, सगळं या सुमारे 5 चौरस किलोमीटरच्या दलदलीतून झिरपत व्हिक्टोरिया सरोवराच्या मर्चिसन उपसागरात उतरतं. त्याच उपसागरातून काठावरच्या गाबा जलकेंद्राचे पंप शहराचं पिण्याचं पाणी उचलतात! 1999 मध्ये अभ्यासकांनी हिशेब मांडला होता, की ही दलदल फुकटात जे पाणी गाळते त्याची किंमत वर्षाला 10 ते 17.5 लाख डॉलर होते.

तिथे मूळची लव्हाळ्यासारखी वनस्पती म्हणजे पपायरस, तिथल्या लुगांडा भाषेत ‘बिटोगो’. पपायरस पाण्यावर तरंगणाऱ्या मुळांच्या जाड गादीवर माणसाच्या दुप्पट उंच उभं राहतं. पाणी गाळावं तर त्यानेच.

मग पपायरस जाऊन अळू, म्हणजे त्यांचं ‘मायुनी’, का आलं? 1900 च्या करारात ब्रिटिशांनी बुगांडाची, म्हणजे कंपाला ज्यात आहे त्या राज्याची, बरीचशी जमीन राजा आणि सरदारांना चौरस मैलांत मोजून दिली. ‘माइल’वरून त्या जमिनीला आजही ‘मैलो’ म्हणतात. बाहेरून पोट भरायला आलेल्याच्या वाट्याला त्यात काहीच नव्हतं. 1972 मध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावलं, पाठोपाठ व्यापार कोसळला आणि नोकरदाराचा पगार महिनाभर पुरेनासा झाला. लोकांनी मोकळी दिसेल त्या जागेत पीक लावलं. भूमिहीनांना दलदल उरली. शहरात शेती बेकायदा होती, उभी पिकं कापली जायची, तरी लोक पुन्हा लावायचे. 2005 च्या सुमारास महापालिकेने शहरी शेतीला परवान्याने मान्यता दिली, पण दलदलीतली शेती त्यातून वगळली. ज्यांच्याकडे दुसरी जमीनच नाही, नेमके तेच बेकायदा राहिले. मला हे आजही पटत नाही.

एक बाई मला तिथे नेहमी दिसायच्या. गुडघाभर चिखलात उभं राहून त्या झाड उपटायच्या, सुरीने खालचा कंद कापून पोत्यात टाकायच्या आणि वरचा देठांचा शेंडा लगेच त्याच खड्ड्यात पायाने दाबून लावायच्या. काढणी आणि लावणी एकाच दमात. मी विचारलं, हाताला खाज येत नाही? त्या हसून म्हणाल्या, “न्याबो, सवय झाली.” न्याबो म्हणजे बाई. आमची आजी अळू चिरताना हाताला खोबरेल लावायची, ते मी त्यांना सांगितलं.

कंपालातले शिकलेले लोक सहज बोलून जातात, की या शेतकऱ्यांनी दलदल संपवली. यात खोटं नाही, पण हे अर्धंच आहे. अळूसाठी चर खणले की पाणी न गाळताच सरोवराकडे पळतं. त्या मातीत आणि कंदांत शिसं सापडलंय, हेही खरं. तेच कंद बाजारात जातात आणि त्या बाईंच्या घरातही शिजतात. पण दलदलीतून पोर्ट बेल या बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेरुळांच्या वरची, शहराकडची बाजू बघा. तिथे दलदलीत भराव घालून गोदामं आणि कारखाने उभे आहेत. चर बुजवला तर पपायरस परत येतो. काँक्रीटखालून काही परत येत नाही.

युगांडाच्या 1995 च्या राज्यघटनेत लिहिलंय, की दलदली सरकारने जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायच्या. 2024 च्या जूनमध्ये शहराच्या दुसऱ्या बाजूच्या लुबिगी दलदलीत माणसांची राहती घरं पाडली गेली. दलदल वाचवायलाच हवी, पण सुरुवात गोदामांपासून करा. सरोवराकडचा पट्टा पपायरसला सोडा, तो राखायला याच बायकांना पगारावर ठेवा आणि कडेच्या जमिनीवर त्यांना लेखी हक्काने पीक घेऊ द्या. कुठल्या कोपऱ्यात पाणी कधी चढतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?

परत यायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना खोबरेलाची बाटली नेऊन दिली. त्यांनी तेल तिथेच मनगटांना चोळलं, बाटली पोत्याजवळ ठेवली आणि पुन्हा चिखलात उतरल्या. पाऊस येऊ घातला होता आणि अर्धा वाफा काढायचा राहिला होता.