गुण द्या, सुगावा लागू देऊ नका

शाळेत शिकवायला लागलात म्हणजे मूल्यमापन तुमच्या वाट्याला येणारच. तर ते अशा बेताने करा की सत्राच्या शेवटी प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक ठसठशीत आकडा उभा राहील, पण त्या मुलाला काय येतं आणि काय येत नाही, याचा सुगावा तुम्हाला, त्याला किंवा त्याच्या पालकांना लागणार नाही. ही कला अवघड नाही. बहुतेकांना ती न शिकताच जमते. तरी चार खुबी हाताशी असलेल्या बऱ्या.

आधी आकारिक आणि संकलित मूल्यमापन या जोडगोळीचा बंदोबस्त करा. मायकल स्क्रिव्हन यांनी 1967 साली ही फोड केली ती अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासाठी. बेंजामिन ब्लूम यांनी ती वर्गात आणली आणि कटकट सुरू झाली. संकलित म्हणजे शिकून झाल्यावर पदरात किती पडलं ते पाहणं. त्याला हरकत नाही, कारण तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. आकारिक मात्र शिकणं चालू असतानाच डोकावतं, आणि आत जे दिसेल त्याप्रमाणे शिकवणं बदला म्हणतं. इथे सावध व्हा. समजा, परवाच्या चाचणीत निम्म्या वर्गाने अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिलं. अंशात अंश मिळवले, छेदात छेद मिळवले. बेरीज करूनही उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. आता तुम्ही उद्या कागदाच्या पट्ट्या कापून अपूर्णांक पुन्हा घ्यायला बसलात, तर नियोजनात उद्याच्या तारखेला लिहिलेल्या दशांशांचं काय व्हायचं? तेव्हा फुली मारा, गुण नोंदवहीत चढवा आणि पुढच्या पाठाला लागा. आकारिक हे नावही सोडायला नको. वार्षिक परीक्षेचे आठ तुकडे करून प्रत्येकाला आकारिक म्हटलं की झालं. मुलाचं कुठे अडतं ते शोधणारी निदानात्मक चाचणी वर्षाच्या सुरुवातीला घेण्याचीही पद्धत आहे. घ्या, आणि गठ्ठा बांधून कपाटात ठेवा.

प्रश्नपत्रिका काढणं हे यातलं सर्वांत सुखाचं काम. संविधान तक्ता आधी करायचा, कोणत्या घटकाला आणि कोणत्या उद्दिष्टाला किती भार द्यायचा ते ठरवायचं आणि मग प्रश्न काढायचे, असं पुस्तकात असतं. तुम्ही आधी प्रश्न काढा. तक्ता नंतर त्यांच्या मापाने बेतून घ्या, म्हणजे कुठे ओढाताण होत नाही. आकलन, उपयोजन, विश्लेषण वगैरे पातळ्या ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली मांडल्यापासून वरच्या पातळीचे प्रश्न विचारा असा तगादा असतो. त्यावर उपाय फार जुना आहे. प्रश्नात ‘विश्लेषण करा’ असं लिहा आणि ते विश्लेषण पंधरा दिवस आधी फळ्यावर उतरवून द्या. मुलं पाठ करतील, तुम्ही तपासाल, तक्त्यात उच्च पातळीचा रकाना भरेल आणि विश्लेषण कोणालाच करावं लागणार नाही.

बहुपर्यायी प्रश्नांत मात्र हयगय नको, कारण नीट केलेला बहुपर्यायी प्रश्न फार चोंबडा असतो. त्यातला प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या ठरावीक गैरसमजातून आलेला असला, की मूल कुठे घसरलं ते कोणत्या अक्षरावर खूण केली त्यावरूनच कळून येतं. अर्धा अधिक एक तृतीयांशाला पाच षष्ठांश या बरोबर उत्तराशेजारी दोन पंचमांश ठेवाल, तर वर्गातले सगळे छेदात छेद मिळवणारे एका झटक्यात उघडे पडतील. त्याऐवजी 17, 0 आणि 100 असे पर्याय ठेवा. दोन पंचमांश काढून बसलेलं मूल गांगरेल आणि नशिबावर हवाला ठेवून कुठेतरी खूण करेल. नशीबही काही अगदीच कंजूष नसतं. चार पर्यायांचे 40 प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी सरासरी 10 बरोबर येतात. शिवाय बरोबर पर्याय इतरांपेक्षा लांब आणि मुद्देसूद लिहायची सवय ठेवा, म्हणजे ज्यांना विषय येत नाही पण परीक्षा येते त्यांची सोय होते.

वैधता म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जाणं, हे तुम्ही पदविकेच्या परीक्षेत लिहून गुण मिळवले असतील. ते तिथेच राहू द्या. क्षेत्रफळाचं उदाहरण विचारायचं तर ते तीन पोटवाक्यांच्या, दोन ‘परंतु’ असलेल्या एकाच वाक्यात विचारा. ज्याचं वाचन कच्चं ते मूल गणितात नापास होईल. विज्ञानाची उत्तरं तपासताना शुद्धलेखनाचे गुण कापा. हस्ताक्षर वळणदार असेल तर इतिहासाचं आकलनही वळणदार आहे असं समजा.

आता गठ्ठा तपासणं. तुमच्या तपासण्यावर कोणी शंका घेतलीच, तर डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांची आठवण काढा. अमेरिकेतल्या या दोघांनी 1912 साली भाषेची एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडे पाठवली. कोणी पन्नाशीत गुण दिले, कोणी नव्वदीच्या पलीकडे. लोक म्हणाले, भाषाच ती, त्यात असं व्हायचंच. मग त्यांनी 1913 साली भूमितीचा पेपर पाठवला. तिथे गुण 28 पासून नव्वदीपर्यंत पसरले! कोणी आकृतीच्या नीटनेटकेपणाला गुण दिले, कोणी पद्धतीला, कोणी फक्त शेवटच्या उत्तराला. यावरून भोळ्या माणसांनी असा धडा घेतला की कशाला किती गुण ते आधी ठरवावं, नमुन्याचे चारदोन पेपर सगळ्यांनी मिळून तपासून आपापला हात जुळवून घ्यावा आणि मुलाचं नाव झाकून ठेवावं. तुम्ही यातून दिलासा घ्या. तुम्ही काहीही गुण दिलेत, तरी जगात कुठेतरी एखाद्या शिक्षकाने तेवढेच दिले असते.

नाव तर अजिबात झाकू नका. उलट आधी नावच वाचा. एका गुणावरून माणसाचे बाकीचे गुणही ठरवून टाकायची आपली खोड मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 सालीच लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेल्या अभिप्रायांवरून दाखवून दिली आहे. लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांबद्दल जे करत होते, ते शिक्षकाने करायला काय हरकत आहे? हुशार मुलाने अर्धवट लिहिलं तर ‘त्याला येतं, घाईत राहिलं असेल’ म्हणा. मागच्या बाकावरच्याने तेच लिहिलं तर ‘कुठून तरी बघितलं असेल’ म्हणा. आणि सगळ्या पेपरांतला पहिला प्रश्न एकदम, मग दुसरा एकदम, अशी तपासणी चुकूनही करू नका. तशाने निकष डोक्यात पक्का बसतो. एकेक पेपर अथपासून इतिपर्यंत तपासा, म्हणजे गठ्ठ्यातला पहिला पेपर ताज्या डोक्याने आणि शेवटचा पेंगत तपासल्याचा लाभ ज्याला त्याला मिळेल.

वरून कोणी रुब्रिक, म्हणजे कशा कामाला कोणती पातळी ते सांगणारा तक्ता, मागितलं तर चौकटी आखा. पहिल्या चौकटीत ‘उत्कृष्ट मांडणी’, दुसरीत ‘चांगली मांडणी’, तिसरीत ‘बरी मांडणी’, चौथीत ‘सुधारणेस वाव’. मांडणी उत्कृष्ट कशाने होते ते कुठेही लिहायचं नाही.

शेऱ्यांबाबत एक धोका सांगितलाच पाहिजे. रूथ बटलर यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसते शेरे दिले आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसते शेरे मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं नुसत्या गुणांवाल्यांच्याच पंक्तीला जाऊन बसली. आकडा दिसला की मूल शेजाऱ्याचा आकडा बघतं, शेरा वाचतंय कोण? तेव्हा शेरा लिहायची अगदीच वेळ आली, तर वर लाल वर्तुळात मोठ्ठा आकडा काढायला विसरू नका. त्याखाली मग मन मोकळं केलंत तरी अपाय नाही. शेराही कामाबद्दल न लिहिता मुलाबद्दल लिहा. ‘दुसऱ्या परिच्छेदात कारण दिलं आहेस, पुरावा दिलेला नाहीस’ असं लिहिलंत तर ते मूल उद्या पुरावा घेऊन दारात उभं राहील. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ या शेऱ्यावर आजवर कोणी काही करू शकलेलं नाही.

निकाल सांगताना नंबर सांगा. ठरलेल्या निकषाशी तुलना वेगळी आणि इतर मुलांशी तुलना वेगळी, हा भेद रॉबर्ट ग्लेझर यांनी 1963 साली पुढे आणला. निकष लावला तर पालक विचारतात, मग याला नक्की येतं काय? नंबर सांगितला की ते फक्त पुढे कोण आहे एवढंच विचारतात. सगळे बुडत असले तरी शेवटी बुडणारा पहिला येतोच.

आणि सरासरी! हिच्याइतकं गुणी साधन दुसरं नाही. एका मुलीला 20, मग 50, मग 95 गुण मिळाले; दुसरीला तिन्ही वेळा 55. दोघींची सरासरी 55. पहिली आज जवळजवळ सगळं जाणते आणि दुसरी वर्षभर होती तिथेच आहे, ही नसती भानगड भागाकारात कशी साफ विरघळून जाते पाहा. तिसरा दोन चाचण्यांत 90 मिळवून तिसऱ्या दिवशी तापाने घरी राहिला, तर तिथे शून्य मांडा. 60 वर येतो. मग एका गुणावरून श्रेणी बदला, 74 ला खालची आणि 75 ला वरची. प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) 10 आणि विश्वसनीयता गुणांक (निकाल किती भरवशाचा ते सांगणारा, जास्तीत जास्त 1) 0.84 असलेल्या बऱ्यापैकी चांगल्या चाचणीतही मोजमापाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मिळालेले गुण खऱ्या गुणांपासून साधारण जेवढे इकडेतिकडे होतात ते अंतर, 4 गुणांची निघते. म्हणजे 74 आणि 75 मध्ये फरक आहे असं छातीठोकपणे सांगायला शिक्षकाजवळ फक्त छाती लागते. भरीला सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत काढा, तिचा दरारा वेगळाच असतो.

एवढं सगळं सांभाळूनही एखादं मूल पेपर घेऊन टेबलापाशी येईल आणि विचारेल, ‘सर, माझं इथे चुकलं काय?’ गडबडून जाऊ नका, आणि मुख्य म्हणजे समजावून सांगायला बसू नका. दोन गुण वाढवून द्या. जातं.