तिजोरी घेतली, पण बोल्ट?
घरासाठी तिजोरी कशी निवडावी यावरच्या तुमच्या लेखात डिजिटल लॉक की चावी यावरच सगळा भर आहे. अहो, पंधरा-वीस किलोची तिजोरी नुसती कपाटात ठेवली तर चोर ती उचलूनच नेईल, कुलूप फोडतोय कशाला! तिजोरीच्या मागच्या भोकांतून विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत बोल्ट मारून घ्या, प्लायवूडला नको. कंपनीचा मूळ कोड पहिल्याच दिवशी बदला. डिजिटल लॉकचे सेल संपल्यावर लागणारी जादा चावी तिजोरीतच ठेवणारे महाभाग आमच्याच घरात आहेत (नाव घेत नाही, संध्याकाळी जेवायचंय). जड दागिने मी तरी बँकेच्या लॉकरलाच ठेवते. पण तिथेही चोरी झाली किंवा आग लागली, तर २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. म्हणजे ३,००० भाडं असेल तर ३ लाख. त्यात आज पाटल्या तरी येतात का?