डिचोलीचं बिचोलिम करण्याची कला

फाइल सिस्टीमचा ड्रायव्हर लिहायला घेतलाय म्हणता? घ्या, घ्या. डिस्कवरून डेटा आणायचा आणि नेऊन ठेवायचा ही हमाली कोणीही करील. तुमची खरी कर्तबगारी दिसणार ती फाइलीच्या नावात. डिस्कवर नाव एका संकेतात लिहिलेलं असतं, प्रोग्रॅम ते दुसऱ्याच संकेतात मागतो, आणि मधल्या उंबरठ्यावर तुम्ही उभे. एवढी सत्ता गावच्या तलाठ्यालाही नसते.

गुरू शोधायला लांब जाऊ नका. गोव्यात फोंड्याच्या बसस्टँडवर उभं राहा आणि रोमी, म्हणजे रोमन, लिपीतल्या पाट्या वाचा. हे सगळं त्या थोर पोर्तुगीज कारकुनाचं काम. पेडणें लिहायचं होतं. त्याच्याकडे ड नव्हता, त्याने जवळचा म्हणून र घातला. शेवटचा नाकातला उच्चार दाखवायला त्याच्या लिपीत एम होता, तो लावला. त्याच्यापुरतं ते अगदी बरोबर होतं, कारण पोर्तुगीज वाचणारा तो एम नाकातूनच म्हणतो. मग आला इंग्रजी शिकलेला वाचक. त्याने तीच अक्षरं आपल्या नियमाने वाचली आणि ओठ घट्ट मिटून ‘पेर्नेम’ म्हटलं. एका संकेतात लिहिलं, दुसऱ्यात वाचलं. पाटीवरचं एकही अक्षर हललं नाही, गाव मात्र वेगळं झालं. कुडचड्यातले दोन्ही ड असेच र झाले, आणि आता नुसती पाटी बघून कुठला र मुळात र होता आणि कुठला ड, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. डिचोलीच्या ड चा ब करताना तर कारकुनाने नियमबियम बाजूला ठेवून निव्वळ प्रतिभा दाखवली. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, पाट्या राहिल्या. तुमचा ड्रायव्हरही असाच चिवट निघो.

आता एक वाईट उदाहरण, म्हणजे कोणाचा कित्ता गिरवू नये ते कळेल. लिनक्स या संगणकप्रणालीच्या स्वतःच्या फाइल सिस्टीमा या बाबतीत अगदीच मुखदुर्बळ. नाव म्हणजे बाइटांची माळ, तिच्यात तिरकी रेघ आणि शून्य किमतीचा बाइट एवढं नको, बाकी जे द्याल ते जसंच्या तसं परत घ्या. त्यांना मराठी कळत नाही, म्हणून ती बिघडवताही येत नाही. असल्या ड्रायव्हरला कोण विचारतो?

त्यापेक्षा पेनड्राइव्हकडे वळा. तिथे फॅट ही जुनी फाइल सिस्टीम आहे, आणि १९९५ पासून लांब नावं युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या लिपींच्या सामायिक संकेतातच, ठेवायची सोयही आहे. म्हणजे डिस्कवर ‘गणपती’ चक्क गणपती म्हणूनच बसलेला असतो. बिघडवायचं काम पूर्णपणे तुमच्या हातात. लिनक्सच्या व्हीफॅट, म्हणजे लांब नावांच्या फॅटच्या, ड्रायव्हरला मुळातच पश्चिम युरोपी अक्षरसंच नेमून दिलेला आहे. दुसरं काही सांगितलं नाही तर जे अक्षर त्या संचात बसत नाही त्याच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवतो. भजनी मंडळाच्या पेनड्राइव्हवर ‘गणपती’, ‘शिमगा’ आणि ‘जत्रा’ असे तीन फोल्डर असले, तर पडद्यावर पाच-पाच प्रश्नचिन्हांचे तीन जुळे भाऊ दिसतात. मोजून बघा, वेलांट्या आणि हलन्तही धरून तिन्ही नावं पाच-पाच चिन्हांचीच आहेत. वर गंमत अशी की प्रश्नचिन्ह फॅटमध्ये नावात चालतच नाही. म्हणजे फोल्डर दिसतो, पण त्या नावाने हाक मारली तर असा कोणी इथे राहतच नाही. देवळाच्या गाभाऱ्यात दिवा तेवढा दिसावा आणि दार बंद असावं, तसं.

याच ड्रायव्हरात एक घातक पर्याय लपलेला आहे, त्यापासून सावध राहा. तो चालू केला की न बसणाऱ्या अक्षराच्या जागी कोलन आणि त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक येतो. दिसायला भयानक, पण नाव पुन्हा जसंच्या तसं मिळवता येतं. माणसाला मागे फिरता येत असेल तर तुमच्या रूपांतराला किंमत काय राहिली? त्यापेक्षा यूटीएफ-८ चा, म्हणजे युनिकोड बाइटांत लिहायच्या पद्धतीचा, घोळ घाला. तिथे यूटीएफ-८ मागायचे दोन रस्ते आहेत, आणि त्यातला एक धरला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच तक्रार करतो, हे बरं नव्हे, आता लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातील. वाचणारा गोंधळला की समजायचं, तुमचं दस्तऐवजीकरण पुरं झालं.

प्रश्नचिन्हं फार रुक्ष वाटली तर दुसरी तऱ्हा आहे. यूटीएफ-८ मधले बाइट घ्या आणि पाश्चात्त्य कोडपेजने, म्हणजे तिकडच्या अक्षरतक्त्याने, वाचा. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचे तीन बाइट होतात. पहिल्याचा दरवेळी डोक्यावर तिरकी रेघ असलेला पोर्तुगीज आ होतो (पाहा, गुरू कुठे कुठे भेटतात). दुसऱ्याचं होतं चलनाचं चिन्ह. मुळाक्षरांपासून ऱ्हस्व वेलांटीपर्यंत कुठल्या देशाचं ते कळू नये असं निनावी, आणि दीर्घ वेलांटीपासून पुढे जपानी येन. शुद्धलेखनाच्या मास्तरांना ऱ्हस्व-दीर्घाचा भाव इतक्या रोखठोक कधी सांगता आला नव्हता.

लांबीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नावाला २५५ युनिकोड एकक मिळतात, लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइट. म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. ‘देवस्थान वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त सुधारित अंतिम खरोखरच अंतिम’ ही परंपरा आणखी पाच ‘अंतिम’ लागले की ८५ मध्ये मावत नाही. लिनक्स अशा वेळी नाव फार लांब म्हणून सरळ नकार देतो. तुम्ही इतके उर्मट होऊ नका. २५५ व्या बाइटवर कोयता चालवा. अक्षराचा शेवटचा बाइट पलीकडे पडला तर पडला.

आता आपल्या घरचं अक्षर, ऱ. ‘दऱ्या’ हा शब्द तीन प्रकारे टाइप होतो आणि तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. एकात सबंध ऱ, एकात र आणि त्याखाली नुक्ता, आणि तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडणारा. ॲपलची जुनी एचएफएस प्लस पहिला प्रकार दिला की दुसरा करून ठेवायची. सबंध नारळ द्यावा आणि परत मागितल्यावर दोन कवडं हातात यावीत. युनिकोडच्या लेखी हे दोन एकच. तिसरा मात्र वेगळा, आणि त्यातला तो अदृश्य जोडणारा काढला की ‘दर्‍या’ ची ‘दर्या’ होते.

यात मोठमोठ्यांनी हात धुऊन घेतले आहेत. लिनक्स ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, ईएक्सटी४ मध्ये एखादा फोल्डर लहान-मोठी अक्षरं एकच मानणारा करता येतो. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर मुळी नाहीच, पण तिथे नावं ताडून बघताना न दिसणारी चिन्हंही गाळली जातात. रोमी लिपीच्या सोयीसाठी बांध घातला, आणि बुडाल्या आमच्या दऱ्या.

मीही मागे राहिलो नाही. मूळ डिस्क आणि तिची नक्कल यांच्यामध्ये बसणारा एक छोटा थर मी लिहिला होता, आणि त्यात नावातली सगळी अदृश्य चिन्हं झाडून काढणारी एक ओळ. तिला मी ‘स्वच्छता’ असं नावही दिलं होतं. आमच्या गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी वाचनालयातल्या कार्यक्रमासाठी फोटोंचे दोन फोल्डर दिले. ‘दर्‍या’ मध्ये डोंगराळ सत्तरी तालुका, चोर्ल्याचा घाट, म्हादईचा काठ. ‘दर्या’ मध्ये मिरामार, हरमल, पाळोळें. माझ्या स्वच्छतेनंतर दोन्हींचा मिळून एकच फोल्डर झाला. कॅमेऱ्यात दोन्ही वेळा नवं कार्ड घातलेलं, त्यामुळे फोटोंचे क्रमांकही एकपासूनच. जिथे क्रमांक जुळला तिथे समुद्राने घाट गिळला. ड्रायव्हर काही बोलला नाही. बोलू नये, असं मीच ठरवलं होतं.

संध्याकाळी सभागृहात पहिल्या स्लाइडवर मथळा झळकला, ‘सत्तरीचं वैभव’, आणि खाली पाळोळ्याची लाट. पुढच्या स्लाइडवर माडांची रांग आणि मासेमारीच्या होड्या. घाटातले जे दोन-तीन फोटो वाचले होते ते सगळ्यात शेवटी आले. मास्तर उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “अरे, सत्तरीत दर्या कधी आला रे? म्हादईचं पाणी वळवतात, त्याची भरपाई की काय?”

अशा वेळी काय उत्तर द्यायचं तेही शिकून ठेवा. मी म्हटलं, “भाई, तुमच्या कॅमेऱ्यात मराठी फॉन्ट नाही.”

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी फोल्डरांची नावं रोमीत लिहून आणीन म्हणाले.