मिरचीच्या कुंडीत व्हिटॅमिन सीची गोळी?

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'ठाणे-बेलापूर रस्त्याच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड झाडांना विष आहे. त्याने फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे अतिचपळ रेणू) वाढतात, ती शून्यावर आणा. रोज व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून कुंडीत घाला, मिरची लगडेल.' शेजारच्या काकूंनी घातली. मिरची लगडली नाही, मुंग्या लागल्या.

आधी ते 'विष'. नायट्रिक ऑक्साइड झाड स्वतःच बनवतं. मुळांतून आलेल्या नायट्रेटवर काम करणारं नायट्रेट रिडक्टेज हे एन्झाइम थोडा तोही तयार करतं. पाणी कमी पडलं की पानांची रंध्रं मिटवण्याचा जो निरोप जातो, त्यात त्याचा वाटा असतो. धुराबद्दल मात्र मेसेज अगदीच खोटा नाही. वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून उन्हात ओझोन बनतो आणि तो पानं खरोखर जाळतो. त्याला कुंडीतली गोळी काय करणार?

सगळ्यात फसवं ते 'शून्यावर आणा'. पानावर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका दिसला की आपण म्हणतो, रोग पडला. पुष्कळदा तो झाडानेच जाळलेला तुकडा असतो. जंतू शिरला तिथल्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून मारतात, म्हणजे जिवंत पेशींवर पोसणाऱ्या जंतूची वाटच बंद. वनस्पतींतलं हे काम १९९८ साली उजेडात आलं. पेरॉक्साइड शून्य केलं तर ही नाकेबंदी उठली. (आणि पेरॉक्साइड मुळात फ्री रॅडिकल नाहीच.) जादा झालेलं पेरॉक्साइड आवरायला झाडाकडे एन्झाइमं आहेत: कॅटलेज आहे, अॅस्कॉर्बेट वापरणारं अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज आहे. हे अॅस्कॉर्बेट म्हणजेच व्हिटॅमिन सी. हिरव्या पानात ते भरपूर असतं, झाड ते घरच्याच साखरेपासून बनवतं आणि वापरलेलं पुन्हा ताजं करून घेतं.

सफरचंदाच्या फोडीला लिंबू चोळलं की ती काळी पडत नाही, म्हणून मेसेज पटत असावा. पण कुंडीतल्या मातीत व्हिटॅमिन सी हवेने आणि जिवाणूंनी लवकर संपतं. उरते चघळायच्या गोळीतली साखर. मुंग्या उगाच नाही आल्या.

खाऱ्या पाण्यातल्या रोपांना अॅस्कॉर्बिक आम्लाचा, म्हणजे व्हिटॅमिन सीचाच, फायदा झाल्याचे प्रयोग आहेत, पण ते मोजूनमापून केलेले. खाडीकाठच्या भातासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने तर पनवेल-१, पनवेल-२ अशा खारं पाणी सोसणाऱ्या जातीच काढल्या.

काकूंच्या कुंडीचं तळाचं भोक मातीने बुजलं होतं. काल पेचकस घालून मोकळं केलं, तर दोन वाट्या कुबट पाणी निघालं.