अमेरिकेची रेल्वे सरकारी दमडीशिवाय उभी राहिली नाही

रेल्वेच्या खासगीकरणाचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सरकार बाजूला राहिलं, धाडसी उद्योजकांनी स्वतःच्या पैशानं ओसाड माळरानात रूळ टाकले, डोंगर फोडले, स्पर्धेमुळे भाडी उतरली आणि देश श्रीमंत झाला. आजच्या खासगीकरणावर मतं वेगवेगळी असू शकतात. पण त्यासाठी दिला जाणारा हा दाखला खोटा आहे, आणि शिकलेली माणसं तो बिनधास्त पुढे ढकलतात याचा मला राग येतो.

आधी पैशाचं बघू. १ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांनी पॅसिफिक रेल्वे कायद्यावर सही केली. सेंट्रल पॅसिफिक या कंपनीनं कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे यायचं आणि युनियन पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीनं मिसूरी नदीकडून पश्चिमेला जायचं, असं ठरलं. रुळाच्या दर मैलामागे कंपनीला बाजारात विकून पैसा उभा करायला सरकारी कर्जरोखे मिळणार होते : सपाटीला १६,००० डॉलरचे, दोन पर्वतरांगांमधल्या पठारावर ३२,००० चे आणि डोंगरात ४८,००० चे. शिवाय मैलामागे दहा चौरस मैल जमीन. दोन वर्षांत ती दुप्पट करून वीस चौरस मैल केली.

दर असे ठरल्यावर डोंगर नेमका कुठे सुरू होतो, हा लाखमोलाचा प्रश्न झाला. राज्याचे भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी यांनी आर्केड क्रीक नावाच्या ओढ्यावर बोट ठेवलं. हा ओढा सॅक्रामेंटोपासून जेमतेम सात मैलांवर, सपाट प्रदेशात आहे. खरा चढ त्याच्या पुष्कळ पुढे लागतो. तरी लिंकन यांनी ती हद्द मान्य केली आणि सपाटीवरच्या मैलांना डोंगराचा दर मिळाला. सेंट्रल पॅसिफिकचे अध्यक्ष लेलंड स्टॅनफर्ड १८६३ अखेरपर्यंत याच राज्याचे गव्हर्नर होते. सरकार बाजूला उभं होतं म्हणणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी वाचावी.

यावर एक उत्तर येतं : ते अनुदान नव्हतं, कर्ज होतं आणि ते फिटलं. हे खरं आहे. हिशेब शतकाच्या अखेरीस मिटवले गेले. पण रोखे तीस वर्षांचे, सहा टक्के व्याजाचे. दरम्यानचं व्याज कंपनीनं भरायचं की सरकारनं, यावर वाद झाला आणि १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला : मुदत संपेपर्यंत कंपनीकडून ते मागता येणार नाही. तोवर रोखेधारकांना व्याज सरकारी तिजोरीतून जात राहिलं. त्याआधीच, १८६४ मध्ये, सरकारनं स्वतःचं तारण दुय्यम करून कंपनीच्या खासगी सावकारांना पहिला हक्क दिला होता. अशा अटींवर आपल्याला कोण कर्ज देईल?

मग ‘स्वतःची जोखीम’ कुठे गेली? युनियन पॅसिफिकच्या सूत्रधारांनी क्रेडिट मोबिलिए ही बांधकाम कंपनी हाताशी घेतली. काम देणारे आणि काम घेणारे बहुतांशी तेच लोक, त्यामुळे बिलं फुगवून लावली गेली. रेल्वे कर्जात बुडाली तरी नफा आधीच सूत्रधारांच्या खिशात पडलेला होता. काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य ओक्स एम्स यांनी आपल्या सहकाऱ्यांना क्रेडिट मोबिलिएचे शेअर स्वस्तात वाटले. १८७२ मध्ये ‘न्यूयॉर्क सन’ या वृत्तपत्रानं भांडं फोडलं. बुडायची वेळ आली ती इतरांवर. नॉर्दर्न पॅसिफिक या आणखी एका रेल्वेचे रोखे बँकर जे कूक यांच्या पेढीनं साध्या घरांपर्यंत नेऊन विकले होते. १८ सप्टेंबर १८७३ रोजी ती पेढीच कोसळली आणि न्यूयॉर्कचा शेअर बाजार दहा दिवस बंद ठेवावा लागला. जोखीम दुसऱ्यावर ढकलायची अशी व्यवस्था आपल्याकडेही होती. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या इंग्रज भागधारकांना १८४९ च्या करारानं पाच टक्के परताव्याची हमी मिळाली होती आणि तूट भारतीय महसुलातून भरली जाई.

‘ओसाड’ जमीन? अमेरिकेच्या केंद्र सरकारनं रेल्वे कंपन्यांना सगळी मिळून सुमारे १३ कोटी एकर जमीन दिली, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. तिथे पॉनी, शायन, लकोटा या आदिवासी जमाती राहत होत्या. १८६२ च्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात, त्यांचे जमिनीवरचे हक्क शक्य तितक्या लवकर संपवण्याची जबाबदारी सरकारनं स्वतःवर घेतली होती. जमीन ओसाड असती, तर त्या कलमाची गरजच नव्हती.

डोंगर तर उद्योजकांनी फोडलेच नाहीत. सेंट्रल पॅसिफिकच्या वाटेवरच्या सिएरा नेवाडा पर्वतातला माथ्यावरचा बोगदा १,६५९ फूट लांब, ग्रॅनाइटमधला. तो प्रामुख्यानं चिनी मजुरांनी खोदला; खडक इतका कठीण की काही दिवस जेमतेम फूटभर काम पुढे सरके. गोऱ्या मजुरांना पगारावर जेवण मिळे, चिन्यांना ते पदरचं. जून १८६७ मध्ये हजारो चिनी मजुरांनी काम थांबवून महिना ४० डॉलर पगार आणि बोगद्यात कमी तास मागितले. बांधकामप्रमुख चार्ल्स क्रॉकर यांनी त्यांचं धान्य तोडलं आणि आठवड्याभरात संप मोडला. किती जण मेले, याची नोंद कंपनीनं ठेवली नाही. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशाचे दरवाजेच बंद झाले.

उद्योजक जेम्स हिल यांच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचं उदाहरण मात्र प्रामाणिकपणे पाहायला हवं. १८९३ मध्ये सिएटलला पोहोचलेला तो मार्ग केंद्राच्या जमिनीशिवाय बांधला गेला आणि चांगला बांधला गेला. पण हिल यांनी सुरुवात केली ती मिनेसोटातली दिवाळ्यात गेलेली रेल्वे घेऊन, आणि तिच्याबरोबर जमिनीचं अनुदान आलं. पुढे मोंटानात आदिवासींच्या राखीव प्रदेशातून वाट काढून दिली ती १८८७ मध्ये काँग्रेसनं.

राहिली स्पर्धा. एकंदर भाडी उतरली, हे मान्य. पण ती सगळ्यांसाठी सारखी उतरली नाहीत. न्यूयॉर्क–शिकागो दरम्यान अनेक कंपन्या होत्या, तिथे दरयुद्ध चाले; ज्या गावाला एकच रेल्वे, तिथल्या शेतकऱ्याला कमी अंतराला जास्त भाडं पडे. तेलसम्राट रॉकफेलर यांच्या गटानं तर १८७२ मध्ये रेल्वेशी असा करार केला की आपल्या तेलावर सूट मिळेलच, वर प्रतिस्पर्ध्यांनी भरलेल्या भाड्यातलाही वाटा मिळेल. बोभाटा झाल्यावर तो बेत बारगळला, पण छुप्या सवलती चालूच राहिल्या. अखेर १८८७ मध्ये काँग्रेसनं आंतरराज्य वाणिज्य कायदा करून रेल्वेवर आयोग नेमला. हा कायदा मागणाऱ्यांत शेतकरी होते, तसे पेनसिल्व्हेनियातले छोटे तेल उत्पादक आणि न्यूयॉर्कचे व्यापारीही होते.