तिसऱ्या पसंतीचा रकाना

जानेवारीत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची निवडणूक झाली. त्याआधी पंधरा दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर एकच रडगाणं. अमक्याचं तिकीट कापलं, वीस वर्षं सतरंज्या उचलल्या तरी त्याला डावललं, आणि परवा पक्षात आलेल्याच्या हातात एबी फॉर्म. दादानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाआधी नेत्याच्या बंगल्याबाहेर अख्खी रात्र काढली होती. थंडी, चहा, कुणाचा फोन आला, कुणाचा आला नाही, सगळं साग्रसंगीत ग्रुपवर. मी एवढंच लिहिलं, "मग पक्षाच्या लोकांचंच आधी मतदान घ्या की. प्रायमरी म्हणतात त्याला."

दादाचं उत्तर, "तुझं तिकडं चालू दे." आणि पुढे जोडलेले हात.

ते "तिकडं" अजून डोक्यातून जात नाही. राहते जर्मनीत ड्युसेलडॉर्फला, मत अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या फोर्साइथ काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, आणि भांडते सांगलीवरून.

एप्रिलच्या सुरुवातीला जॉर्जियाची मतपत्रिका आली. 19 मेच्या प्रायमरीची. परदेशातल्या मतदाराला मतपत्रिका 45 दिवस आधी पाठवायची, असा अमेरिकेचा 2009 पासूनचा कायदा आहे. ती ईमेलने येते, पण परत पोस्टानेच पाठवायची. रविवारी प्रिंटरची शाई संपली, म्हणजे सोमवारपर्यंत बसून राहणं आलं. सोमवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले. प्रत्येक नावापुढे एक रकाना नाही, रकान्यांची ओळ. पहिली पसंती, दुसरी, तिसरी.

ही पसंतीक्रमाची पत्रिका जॉर्जियात फक्त आम्हाला, परदेशस्थांना आणि सैनिकांना मिळते. तिथे कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते, रनऑफ. 2020 साली नोव्हेंबरचं मतदान आणि जानेवारीतला रनऑफ यांत नऊ आठवडे होते. 2021 च्या कायद्यानं ते चारवर आणले. चार आठवड्यांत नवी पत्रिका छापून ड्युसेलडॉर्फला कशी येणार आणि परत कशी जाणार? म्हणून आमच्याकडून पसंती आधीच घेऊन ठेवतात. रनऑफमध्ये जे दोघे उरतील त्यांपैकी मी ज्याला वर ठेवलंय, त्याच्या खात्यात माझं मत. गंमत पुढेच आहे. शेजारच्या अलाबामानं आणि जरा पलीकडच्या लुइझियानानं 2024 साली पसंतीक्रम मतदानावर बंदी घातली, लोकांचा गोंधळ होतो म्हणून. सूट फक्त परदेशस्थांना आणि सैनिकांना. म्हणजे देश सोडला की माणसाला एक-दोन-तीन मोजता येतं.

ग्रुपवर हे सांगितलं तर दादा म्हणे, "असलं किचकट आपल्या लोकांना झेपणार नाही." अरे, तू स्वतः 1 डिसेंबर 2020 ला पुणे पदवीधर मतदारसंघात आयोगाच्या जांभळ्या पेनानं एक-दोन लिहून आलास! राष्ट्रपती असेच निवडले जातात, राज्यसभेचे खासदारही. "पहिल्या पसंतीची मतं" हा शब्द मी सांगलीतच शिकले, अमेरिकेत नाही.

पण मुद्दा पसंतीक्रमाचा नाहीच. मुद्दा हा की खरी निवड होते कधी. अमेरिकी संसदेसाठीचा जॉर्जियाचा चौदावा मतदारसंघ घ्या. 2020 साली रिपब्लिकन प्रायमरीत नऊ जण होते. मार्जरी टेलर ग्रीन यांना साधारण 40 टक्के मतं पडली, ऑगस्टच्या रनऑफमध्ये 57, आणि नोव्हेंबरात जवळजवळ 75. त्या नोव्हेंबरला कोण निवडणूक म्हणेल? विरोधी उमेदवारानं तर त्याआधीच प्रचार सोडून दिला होता. जे व्हायचं ते जून ते ऑगस्टमध्ये झालं, तेही सुट्टीवर गेलेल्या लोकांच्या पाठीमागे.

आमचं फोर्साइथही तसंच लालभडक, म्हणजे रिपब्लिकन रंगाचं. काउंटी कमिशनरपासून सगळं रिपब्लिकन प्रायमरीतच ठरतं. जॉर्जियात पक्षाची नोंदणी नसते, कुठली पत्रिका हवी ते आपण मागायचं. मी यंदा रिपब्लिकन मागितली. अटलांटाच्या मंडळातल्या एका मैत्रिणीला हे कळल्यापासून ती माझ्याशी फक्त मोदकांच्या साच्याबद्दल बोलते. तिचं म्हणणं, गव्हर्नरची जागा यंदा रिकामी होतेय, केम्प यांना लागोपाठ तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही, अशा वेळी आपलं मत आपल्याच, म्हणजे डेमोक्रॅटिक, पक्षात हवं. असेल. पण मला तिकीट वाटायच्या खोलीत शिरायचं होतं. दादा बंगल्याबाहेर थंडीत उभा राहतो, मला आत बसून एक-दोन-तीन लिहायला मिळतं. जर्मनीत तर मतदारसंघाचा उमेदवार पक्षाच्या सदस्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानानेच निवडायचा, असं कायद्यातच लिहिलंय. हेही ग्रुपवर टाकलं. जर्मनीत मला मात्र गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यांबद्दलही मत नाही, ते तेवढं टाकलं नाही.

आणखीही एक टाकलं नाही. 2014 ला अमेरिकेची नागरिक झाले आणि 2022 पर्यंत फोर्साइथमध्ये राहिले. मतदान केंद्र असलेलं चर्च गाडीनं चार मिनिटांवर. दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात जायचे, पीचचं स्टिकर छातीला लावून फोटो पाठवायचे. प्रायमरीला एकदाही गेले नाही. मे महिन्यात शाळांची अखेर, पार्ट्या, भारताची तिकिटं. आता इथे खालच्या तुर्की दुकानातल्या पोस्टाच्या काउंटरवर उभी राहून आइनश्राइबनचे, म्हणजे रजिस्टर्ड पोस्टाचे, पैसे मोजते. आणि यंदाही काउंटीच्या एका जागेवर तिघांपैकी कुणालाच ओळखत नव्हते. एकाची वेबसाइट चालत होती, त्याला पहिली पसंती दिली. तिसरा रकाना कोरा ठेवला.

परदेशातून मतपत्रिका मागायच्या दरवर्षीच्या अर्जात एक प्रश्न असतो. परत यायचा इरादा आहे, की अनिश्चित? मी "इरादा आहे"वर खूण करते. अनिश्चित म्हटलं तर काउंटीच्या जागांसाठी मत देता येणार नाही, हे एक कारण. पेन मात्र दर वेळी तिथं जरा अडकतं.

सांगलीचा अर्ज असा प्रश्न विचारतच नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या परदेशस्थाला 2011 पासून नाव नोंदवता येतं, पण पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर उभं राहायचं. 2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रात असे 5,097 मतदार नोंदलेले होते, मत दिलं 17 जणांनी. माझ्याकडे तर तो पासपोर्टही उरलेला नाही.

परवा दादाचा फोन आला. महापालिकेच्या वेळी तो नेहमीप्रमाणे आमच्या बूथवर एजंट म्हणून बसला होता, दिवसभर यादीवर रेघा मारत. तीस वर्षं बसतोय. ज्याला तिकीट मिळालं त्याच्यासाठीच बसला, रात्र ज्याच्यासाठी काढली त्याच्यासाठी नाही. मी विचारलं, कसा रे बसलास? म्हणाला, "मग कोण बसणार?" मग सहज म्हणाला, "अगं, तुझं नाव अजून आहे यादीत. माहेरच्या नावानं, काकांच्या खाली. फोटो पण तोच, दोन वेण्यांचा."

नाव काढायला सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो, हे मला माहीत आहे. 2014 पासून माहीत आहे.

"काढू का?" दादानं विचारलं.

मी म्हटलं, आत्ता पोस्ट बंद होईल, नंतर बोलते.